वाचकांचे प्रश्न : कामावर रुजू होताना अंगावरचे तोडावे का?

प्रश्न : माझे बाळ दहा महिन्यांचे झाले असून पाच आठवड्यांनी मला कामावर रुजू व्हायचे आहे. जाण्यायेण्याचा वेळ धरून मी रोज सुमारे साडेनऊ तास घराबाहेर असेन. बाळ सध्या दिवसभरात पाच-सहा वेळा आणि रात्री दोनदा अंगावर पिते. बाटली मात्र तोंडात धरतच नाही. त्याला सासूबाई सांभाळणार आहेत. त्यांचे म्हणणे असे की, वरचे अन्न सुरू झालेच आहे, तेव्हा कामावर जाण्याआधीच अंगावरचे तोडले म्हणजे बाळाचे हाल होणार नाहीत. उलट कामावरची एक मैत्रीण फ्रीझर भरून दूध साठवून ठेवायला सांगते. मी पंप लावून पाहिला, तर अर्ध्या तासात जेमतेम 40 मिलिलिटर दूध निघाले, आणि तेव्हापासून दूध आटत चालल्याची धास्ती बसली आहे. मला आणखी वर्षभर तरी पाजायचे आहे. ते जमेल का?

उत्तर : जमेल. तुम्हाला वाटते आहे त्यापेक्षा बऱ्याच कमी खटाटोपात जमेल.

आधी त्या 40 मिलिलिटरबद्दल. पंपाने किती दूध निघाले यावरून अंगावर दूध किती आहे हे ठरत नाही. बाळ अंगावर लागले की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते आणि त्याने पान्हा फुटतो. अनोळखी यंत्र लावून, भांड्यात किती थेंब पडले हे मोजत बसलेल्या आईला तो सहजासहजी फुटत नाही. त्यातही तुम्ही दिवसभर बाळाला पाजत असताना मधल्या वेळात पंप लावला असणार, म्हणजे निघालेले दूध हे बाळाचे पोट भरून उरलेले दूध होते. बाळ खेळते-रांगते आहे, त्याचे वजन त्याच्या गतीने वाढते आहे आणि लघवी नेहमीसारखी होते आहे, या खुणा पंपावरच्या रेघांपेक्षा अधिक विश्वासार्ह आहेत.

आता फ्रीझरविषयी. मैत्रिणीचा सल्ला चुकीचा नाही, पण तो वेगळ्या वयाच्या बाळासाठी आहे. तीन महिन्यांच्या बाळाला सोडून कामावर जाणाऱ्या आईला दिवसभराचे सगळे दूध मागे ठेवून जावे लागते, कारण त्या वयात बाळाला दुसरे काही चालत नाही. दहाव्या महिन्यात हिशेब बदललेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे आणि त्यानंतर वरच्या अन्नाच्या जोडीने ते दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे चालू ठेवावे. अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून मिळावी अशी ऊर्जा 6 ते 8 महिन्यांत रोज सुमारे 200 किलोकॅलरी, 9 ते 11 महिन्यांत सुमारे 300 आणि 12 ते 23 महिन्यांत सुमारे 550 किलोकॅलरी धरली जाते. पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात बाळाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा अंगावरचे दूध उचलू शकते आणि दुसऱ्या वर्षात सुमारे एक तृतीयांश. याचा व्यवहारातला अर्थ असा की, तुम्ही घराबाहेर असाल त्या साडेनऊ तासांत बाळाच्या दोन जेवणांची आणि मधल्या एका खाण्याची वेळ येते, आणि त्यांच्या सोबतीला अंगावरच्या दुधाच्या एक-दोन वाट्या असल्या की झाले. उरलेले पिणे सकाळी, संध्याकाळी आणि रात्री थेट अंगावर होते. म्हणून तुम्हाला महिन्याभराचा साठा करावा लागणार नाही. रुजू होण्याच्या दिवसापुरते आणि एखाद्या दिवशी दूध सांडले किंवा कमी निघाले तर उपयोगी पडेल एवढे, म्हणजे दोन-तीन वेळचे दूध हाताशी असले तरी पुरे. पहिल्या दिवशी कामावर काढलेले दूध दुसऱ्या दिवशी बाळाला मिळते आणि हे चक्र तसेच पुढे चालते. साठा करण्याच्या नादात थकून गेलेल्या आणि मग पाजणेच सोडून दिलेल्या आया असतात, म्हणून हे जरा जोर देऊन लिहीत आहे.

बाटलीचा प्रश्न तर सोडूनच द्यावा. या वयाचे बाळ उघड्या पेल्याने, नळीच्या पेल्याने किंवा वाटी-चमच्याने पिऊ शकते, आणि आज बाटली शिकवली तर वर्षभरानंतर ती सोडवण्याचे काम मागे लागतेच. येत्या पाच आठवड्यांत सासूबाईंनी रोज एकदा, बाळ फार भुकेले नसताना, लहान पेल्यात थोडेसे दूध घेऊन बाळाला खेळीमेळीने पाजून पाहावे. हे तुम्ही स्वतः करू नये, शक्यतो त्या वेळी खोलीतही थांबू नये. आई समोर असताना बाळ पेल्याकडे कशाला बघेल? सुरुवातीला निम्मे दूध अंगावर सांडेल, म्हणून एका वेळी दोन-तीन चमचेच घ्यावे. बाळाने पेल्यातून दूध घेतलेच नाही, तरी काढलेले दूध त्याच्या मऊ अन्नात कालवता येते. काही बाळे आई नसताना दूध जवळजवळ घेतच नाहीत, नुसते जेवतात, पाणी पितात आणि आई आल्यावर सगळी कसर भरून काढतात. बाळ एरवी ठणठणीत असेल तर यात घाबरण्यासारखे काही नाही.

दूध काढण्याचा सराव रुजू होण्याआधी दोन आठवडे सुरू करावा. पुष्कळ आयांना सकाळी छाती अधिक भरलेली जाणवते, तेव्हा सकाळचे पाजून झाल्यावर दिवसातून एकदा काढून पाहावे. पंपच हवा असे नाही. हाताने दूध काढण्याची रीत एकदा अंगवळणी पडली की कित्येकींना तीच सोयीची वाटते: हात स्वच्छ धुवावेत, छाती हलक्या हाताने चोळावी, अंगठा वरच्या आणि बाकीची बोटे खालच्या बाजूने स्तनाग्राच्या दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवावीत, आधी छातीच्या दिशेने मागे दाबावे, मग अंगठा आणि बोटे एकमेकांकडे दाबून सोडावीत आणि त्याच लयीत हे करत राहावे. बोटे कातडीवरून घसरू देऊ नयेत आणि स्तनाग्र ओढू नये. पंप वापरणार असाल तर छातीला लागणारे त्याचे नरसाळे योग्य मापाचे आहे ना, हे पाहून घ्यावे. माप चुकले तर दुखते आणि दूधही कमी निघते. दूध काढताना दुखणे हे सहन करण्याचे नव्हे, दुरुस्त करण्याचे लक्षण आहे. पान्हा फुटण्यासाठी बाळाचा फोटो, त्याच्या वासाचे एखादे दुपटे किंवा त्याचा ध्वनिमुद्रित आवाज यांचा उपयोग होतो. हे भाबडेपणाचे वाटेल, पण बाळाच्या नुसत्या आठवणीनेही पान्हा येतो हे प्रत्येक आईला ठाऊक असते.

कामावर असताना पहिले काही आठवडे दोनदा दूध काढावे, साधारण बाळाच्या पिण्याच्या वेळांना, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटे. यात बाळासाठी दूध मिळणे हा एक भाग झाला. दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे: दूध छातीत साचून राहिले की दूध तयार होण्याचा वेग मंदावतो, कारण किती दूध बनवायचे हे शरीर किती दूध बाहेर गेले यावरून ठरवते. बाळ वर्षाचे झाले की दोनाचे एक करावे आणि पुढे छाती दाटेनाशी झाली की तेही थांबवावे. दिवसा अजिबात न काढता सकाळ-संध्याकाळ आणि सुट्टीच्या दिवशी मनसोक्त पाजणाऱ्या आया दुसऱ्या वर्षातही सहज पाजत राहतात. बदल मात्र हळूहळू करावा, एकदम नाही.

काढलेले दूध साधारण 25 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस आणि फ्रीझरमध्ये सुमारे सहा महिने चांगले राहते. डब्यावर तारीख घालावी, तो फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या बाजूला ठेवावा आणि प्रवासात बर्फाच्या पिशव्यांसह उष्णतारोधक पिशवीत न्यावा. त्यात ते चोवीस तासांपर्यंत टिकते. ताजे कोमट दूध आधी गार करून मगच गार दुधात मिसळावे. गोठलेले दूध फ्रिजमध्ये वितळल्यावर चोवीस तासांच्या आत वापरावे, पुन्हा गोठवू नये. दूध गरम करायचे झाल्यास भांडे कोमट पाण्यात धरावे. मायक्रोवेव्हमध्ये ते कुठे थंड तर कुठे चटका बसेल इतके तापते. बाळाने उष्टे केलेले दूध दोन तासांच्या आत संपवावे, नाहीतर टाकून द्यावे. वर साय जमून दूध दोन थरांचे दिसले तर ते नासलेले नसते, हलकेच फिरवले की एकजीव होते.

घरून निघण्याच्या अगदी आधी आणि परत आल्याबरोबर पाजावे. सासूबाईंना एवढेच सांगावे की, तुमच्या येण्याच्या आधीच्या तासाभरात बाळाला पोटभर खाऊ-पिऊ घालू नये. भूक अनावर झाली तर दोन घास द्यावेत. नाहीतर तुम्ही दाटलेली छाती घेऊन धावत घरी याल आणि बाळ तृप्तीने झोपलेले असेल. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी रुजू व्हावे, म्हणजे दोन-तीन दिवसांतच सुट्टी येते आणि सगळ्यांनाच दम घेता येतो.

एका गोष्टीची मात्र मनाची तयारी ठेवावी. दिवसा आई न मिळालेले बाळ रात्री अधिक वेळा पिऊ लागते. दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची पातळी रात्री अधिक असते, तेव्हा रात्रीच्या पाजण्याने दूध टिकायला मदतच होते; पण दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्या आईची झोप मोडते हेही तितकेच खरे. संध्याकाळी घरी आल्यावर इतर कामे बाजूला ठेवून अर्धा तास निवांत पाजले आणि झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा पाजले, तर रात्रीचे उठणे पुष्कळदा कमी होते. बाकीची घरकामे त्या वेळी दुसऱ्या कोणीतरी उचलावीत, आणि हे बाळाच्या वडिलांना उद्देशून लिहिले आहे. थकलेल्या अवस्थेत सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन पाजता-पाजता झोप लागू देऊ नये. बाळासाठी ती फार धोक्याची जागा आहे.

पाळी पुन्हा सुरू झाली की काही दिवस दूध थोडे कमी वाटू शकते. ते आपोआप पूर्ववत होते. सर्दीसाठीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते त्यांनी दूध कमी होऊ शकते, म्हणून कोणतेही औषध घेताना आपण पाजत आहोत हे डॉक्टरांना सांगावे. बहुतेक औषधांसाठी पाजणे थांबवावे लागत नाही. तुमच्या कामात शिसे, पारा किंवा विद्रावक रसायनांशी संबंध येत असेल तर तेही रुजू होण्यापूर्वीच डॉक्टरांच्या कानावर घालावे. आणि जाता जाता एक सूचना: अंगावर पाजण्याने गर्भधारणा टळते हा भरवसा बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, ते केवळ अंगावर पीत असेल आणि पाळी आलेली नसेल तेवढ्यापुरताच असतो. तुमच्या बाबतीत तो आता उरलेला नाही.

राहता राहिले सासूबाईंचे म्हणणे. बाळाचे हाल होऊ नयेत ही त्यांची काळजी रास्त आहे, त्यांनी सुचवलेला उपाय मात्र उलटा पडण्याची शक्यता आहे. आई दिवसभर दिसेनाशी होणे हा दहा महिन्यांच्या बाळाच्या आयुष्यातला मोठा बदल असतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यात अंगावरचेही तोडले तर त्याची दोन्ही आधारस्थाने एकदम सुटतात. शिवाय नव्या जागेचे, नव्या माणसांचे संसर्ग घरात येण्याचा तो काळ असतो, आणि अंगावरच्या दुधातून प्रतिपिंडे मिळणे पहिल्या वर्षानंतरही चालू राहते. हे त्यांना वाद न घालता सांगावे आणि पेल्याने दूध पाजण्याचे काम पूर्णपणे त्यांच्या हाती सोपवावे. ते त्या तुमच्याहून चांगले करतील.

प्रश्न : माझी मुलगी सोळा महिन्यांची आहे. मी सकाळी, संध्याकाळी आणि रात्री पाजते. कामाच्या वेळात दूध काढत नाही. पुढच्या महिन्यात कामानिमित्त चार दिवस बाहेरगावी जावे लागणार आहे. परत आल्यावर ती पिणेच सोडून देईल का? की याच निमित्ताने बंद करून टाकावे?

उत्तर : बंद करायचे ठरवलेच असेल तर ते या प्रवासाच्या निमित्ताने करू नये, हे आधी सांगते. एकदम थांबवल्याने छाती दाटते, दुधाच्या गाठी होतात, आणि परक्या गावी तापाने फणफणून पडण्याची वेळ येऊ शकते. पिणे सोडवायचे तर दर काही दिवसांनी एकेक वेळ कमी करत सोडवावे.

चालू ठेवायचे असेल तर चार दिवस हा फार मोठा काळ नाही. मुलीच्या पोटाची चिंता नाही. या वयात ती घरातले अन्न खाते आणि तिला इतर दूधही चालते. तुम्ही मात्र तिकडे दिवसातून दोन-तीनदा, ती एरवी पिते त्या वेळांना, आराम पडेल इतके दूध हाताने काढावे. ते साठवण्याची सोय नसेल तर खुशाल ओतून द्यावे. छातीत एखादी जागा दुखू लागली तर ती जोरजोराने चोळण्याचा आणि सारखे-सारखे दूध काढून छाती रिकामी करण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या वैद्यकीय संस्थेने 2022 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शनात थंड शेक, विश्रांती आणि नेहमीएवढेच दूध काढणे यावर भर दिला आहे. लाल, गरम, दुखरा भाग आणि सोबत थंडी-ताप असेल, किंवा एका दिवसात उतार पडला नाही, तर डॉक्टरांकडे जावे.

परत आल्यावर मुलगी लगेच अंगावर झेपावेल किंवा रुसून तोंड फिरवेल. रुसली तर आग्रह करू नये. तिला जवळ घेऊन बसावे, आंघोळीनंतर किंवा अर्धवट झोपेत असताना पाजून पाहावे. काही मुले दोन-तीन दिवसांनी पुन्हा पिऊ लागतात. क्वचित एखादे मूल स्वतःहून सोडते, आणि सोळाव्या महिन्यात तसे झाले तर त्यात तुमची काही चूक नाही.

प्रश्न : फ्रिजमध्ये ठेवलेल्या माझ्या दुधाला दुसऱ्या दिवशी साबणासारखा वास येतो आणि बाळ ते पीत नाही. डबे नीट धुतलेले असतात. दूध खराब होते का?

उत्तर : नाही. दुधातच असलेले लायपेज हे विकर स्निग्धांशाचे विघटन करते आणि त्यातून असा वास येतो. दूध सुरक्षित असते. काही बाळे ते तक्रार न करता पितात, तुमचे बाळ चोखंदळ आहे. दूध काढल्यावर लगेच, भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसू लागेपर्यंत तापवून (उकळू न देता) पटकन गार करून ठेवले तर वास येत नाही. तापवल्याने दुधातले काही संरक्षक घटक कमी होतात, म्हणून जेवढे साठवायचे तेवढेच तापवावे. आधीच साठवलेल्या दुधाचा वास मात्र अशाने जात नाही. वास साबणाचा नसून आंबूस असेल, तर ते दूध टाकून द्यावे.

प्रश्न : मी एका लहान कार्यालयाचा प्रमुख आहे. आमची एक सहकारी बाळंतपणाच्या रजेनंतर परत येत असून तिने दूध काढण्यासाठी वेळ आणि जागा मागितली आहे. आम्हाला यातले काही माहीत नाही आणि तिला विचारायलाही अवघड वाटते. काय सोय करावी?

उत्तर : ही मागणी नवी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1919 मध्येच, आपल्या पहिल्या वर्षी, पाजणाऱ्या आईला कामाच्या वेळात दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास मिळावा असे आपल्या करारात म्हटले होते. 2000 सालच्या मातृत्व संरक्षण करारात दिवसातून एक किंवा अधिक वेळा सुट्टी, अथवा कामाचे तास कमी करणे, हा आईचा हक्क मानला असून तो वेळ कामाचाच आणि पगारी धरावा असे सांगितले आहे. तुमच्या देशाच्या कायद्यातील नेमक्या तरतुदी वकिलांकडून समजून घ्याव्यात.

जागेचे म्हणाल तर आतून कडी लागणारी स्वच्छ खोली, एक खुर्ची, छोटे मेज, विजेचा सॉकेट आणि जवळच हात धुण्याची सोय एवढे पुरते. स्वच्छतागृह ही त्यासाठीची जागा नव्हे. तिथे आपण स्वतःचे जेवण करत नाही. खोली एरवी बैठकीची असली तरी चालेल, फक्त ठरलेल्या वेळी तिथे कोणी दार वाजवू नये. नाव-तारीख लिहिलेला बंद डबा सर्वांच्या फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही; ते बाळाचे अन्न आहे. विचारायला अवघड वाटते म्हणून तिच्याशी बोलणे टाळू नये, "तुम्हाला कोणत्या वेळा सोयीच्या पडतील?" एवढा एकच प्रश्न विचारावा. बाकीचे तीच सांगेल, आणि काही महिन्यांनी दोन वेळांची गरज एकावर आली की तेही ती आपणहून कळवेल.